दौंडला माझा अंगठा उठला नाही, त्याची हकीकत

कारेगाव, बुधवार

तीर्थरूप हौसरावदादांच्या पायाशी धाकट्या गिताचा नमस्कार पोहोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का, की अजून सगळ्यांच्या देखत कारलं आणि मागल्या दाराने जिलबी चालू आहे? आम्ही ठीक. खोल्यांतले भाडेकरू कंपनीच्या पाळीप्रमाणे येतात-जातात आणि तुमच्या दाजींना त्यांच्याशी हिंदी बोलायला मिळतं, म्हणून तेही खुशीत आहेत. पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

गेल्या शुक्रवारी वरवंडच्या जमिनीतला माझा हिस्सा तुमच्या नावे सोडायला, म्हणजे हक्कसोडीच्या कागदासाठी, विश्वजीत मला गाडीने दौंडला घेऊन गेला. तुमचा मुलगा गुणाचा आहे (कुणावर गेलाय कोण जाणे). "आत्या, गर्दी दिसंल तिथं बस, मी गाडी लावून आलोच," म्हणाला. मला गर्दी दिसली ती कोर्टात, म्हणून मी तिथे जाऊन बाकावर बसले. समोर पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप असलेला एक इसम उभा होता. त्याचं तोंड बघितलं आणि माझी खात्रीच पटली. पण मोटरवाल्याला स्वतःची मोटर ओळखता येईना आणि वकील नुसते पुरावा, पुरावा करत होते. सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, "सायेब, ह्याच्या तोंडावरच दिसतंय की. ह्यानंच नेली हाय." शिपाई धावत आला. मला वाटलं, आता मोटर राहिली बाजूला, आत मीच जाते. पण न्यायाधीश साहेब (वय असेल विश्वजीतएवढंच) जराही चिडले नाहीत. "आजी, इथं तोंड बघून शिक्षा होत नाही. गुन्हा शाबित होईपर्यंत हा माणूस निर्दोष आहे," म्हणाले आणि मला पाणी द्यायला लावलं.

दादा, केवढी मोठी गोष्ट बोलला तो मुलगा. आपल्या घरी लोण्याचा गोळा कमी झाला की काही शाबित व्हायच्या आत माझी पाठ शेकली जायची. गोळा कोण खायचं हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण दावा करायची मुदत एव्हाना संपली असेल, म्हणून मी तो विषय काढत नाही. पुढच्या कामात एक पक्ष आलाच नव्हता, तर साहेबांनी हुकूम द्यायला चक्क नकार दिला. आधी त्याला नोटीस जाऊ दे, त्याचं ऐकू, मग बघू, म्हणाले. आमच्या सासूबाईंनी (देव त्यांना सुखात ठेवो) तीस वर्षं फिर्याद, तपास आणि निकाल अशी तिन्ही खाती एकटीने सांभाळली. समोरच्याचंही ऐकायचं असतं हे त्यांना कळलं असतं, तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते.

एवढ्यात विश्वजीत मला हुडकत आला आणि आम्ही निबंधकांच्या कचेरीत गेलो. नंबराला वेळ होता, तेव्हा तो पुढची पायरी समजावून सांगू लागला. कागद झाला तरी तलाठी लगेच नाव काढत नाहीत म्हणे, नोटीस काढून पंधरा दिवस कुणाची हरकत येते का बघतात. मी थक्क झाले. माझं लग्न आबांनी सकाळी ठरवलं आणि दुपारी सुपारी फोडून मोकळे झाले. पंधरा दिवस सोडा, मला पंधरा मिनिटं कुणी दिली नाहीत. (माझी हरकत नव्हतीच. तुमचे दाजी शेजारी चहा पीत बसले आहेत.)

नंबर आला. आत एक बाई साहेब होत्या. त्यांनी पहिल्यांदा विश्वजीतला बाहेर बसवलं, मला खुर्ची दिली आणि पूर्ण कागद सावकाश वाचून दाखवला. मग चष्मा काढून विचारलं, "कुणी जबरदस्ती केलीय का? राजीखुशीनं सोडताय ना?" दादा, मला एकदम भरून आलं. सरकार इतकं मायेने बोलतं हे मला माहीतच नव्हतं. बाहेर येऊन मी विश्वजीतला सांगितलं ते तुम्हाला कळलंच आहे. जन्मभर राखेने भांडी घासून अंगठ्याच्या रेषा पुसल्या, यंत्राने काही अंगठा घेतला नाही, म्हणून कागद राहिला. येत्या सोमवारी तुम्ही परत गाडी पाठवणार आहात असा विश्वजीतचा निरोप आला.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
गिता

ता. क. – सोमवारी गाडी पाठवू नका. यंत्राने अंगठा पहिल्याच खेपेला घेतला होता. बाईंच्या प्रश्नावर मीच म्हणाले, "इचार करून सांगते." त्यांनी शांतपणे कागद माझ्या हातात परत दिला. विश्वजीतला बोलू नका, त्याला यातलं काही माहीत नाही.

ता. क. २ – सहीसाठी म्हणून वहिनींनी पाठवलेली साडी मी ठेवून घेतली आहे. ती कशाबद्दल आहे हे कुठेही लेखी नाही.

ता. क. ३ – हिस्सा हवा की नको, हे मला खरंच अजून ठरवता आलेलं नाही. बासष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते एका परक्या बाईने, आणि मला उत्तरच येईना, याची लाज वाटली. तुम्ही स्वतः या. माझ्या ओट्यावर बसा आणि मी नाही म्हणू शकते हे धरून मला एकदा विचारा. तुम्ही विचारलंत तर मी कदाचित देऊनही टाकीन, दादा. पण विचारा.