ज्योतीच्या बाटलीत पाणी होतं

मंगळवार, संध्याकाळ. जिंतूर.

जेवण गेलं नाही. आज प्रॅक्टिकलला बोरी गावच्या ज्योतीला सगळ्या वर्गासमोर नको ते बोललो. ग्लायसीन हे अमिनो आम्ल निर्जल ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून, ब्युरेटच्या काचनळीतून दुसरं ॲसिड थेंब थेंब सोडत त्याचं टायट्रेशन चाललं होतं. बाकीच्यांच्या द्रावणाचा जांभळा रंग शेवटच्या एका थेंबाला झटकन निळा-हिरवा होत होता. तिचा नुसताच मळकट होत राहिला.

"सर, मी थेंब थेंबच सोडायले, पण रंग ठरंना."

"हात थरथरतो तुझा. केमिस्ट्री तुझं काम नाही," मी म्हणालो. पोरं हसली. ती ब्युरेट धुवायला गेली. का बोललो असं?

सगळे गेल्यावर टेबल आवरताना लक्षात आलं. तिची बाटली मीच भरून दिली होती, आणि घाईत निर्जलऐवजी पाणी मिसळलेलं ॲसिड ओतलं होतं. पाणी असलं की ब्युरेटमधलं ॲसिड ग्लायसीनबरोबर पाण्यालाही चिकटतं, मग रंग झटकन बदलणार कसा? तिचा हात बरोबर होता. तो मळकट जांभळा रंग डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता तिला फोन केला. "ज्योती, चूक माझी होती. बाटली मीच चुकीची दिली."

ती म्हणाली, "सर, हे उद्या वर्गात सांगताल का?"

हो म्हणालो. पण तिनं विचारेपर्यंत हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.