आत्याच्या वाट्याचं डुक्कर

तीर्थस्वरूप लुसेआनेताईस,

धाकट्या लोसालीनेचा नमस्कार. दिवस भरत आलेत, वाकवत नाही, म्हणून बसूनच करते आहे. तो पोचला असं समज. ऑकलंडच्या थंडीत दाजींचा गुडघा कसा आहे? चारही पोरं खाऊनपिऊन मजेत असतील. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मला झोप नाही, घास गिळवत नाही, आणि आत्या बोलत नाही. (फोनच केला असता, पण मेलेनाइते आत्या फोनशेजारीच ठाण मांडून असते. म्हणून हे पत्र चर्चमधल्या बाईंबरोबर विमानाने धाडते आहे.)

आपल्या शेंडेफळाच्या, आकोसिताच्या, एकविसाव्या वाढदिवसाला सगळ्यांत मोठं डुक्कर आत्याच्या पुढ्यात ठेवायचं, हे तुला सांगायला नको. वडिलांची थोरली बहीण ती. तिचं मन दुखावलं तर भाचीचं बाळंतपण अडतं, हे आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. (नर्स म्हणते, या जुन्या गोष्टी. नर्सची आत्या केव्हाच वारली, तिला काय जातंय बोलायला!) तर ते डुक्कर मी पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि माझ्या नवऱ्याने, या सेमीसीने, ते गावामागच्या पशुखाद्य केंद्राला प्रयोगासाठी नेऊन दिलं. तिथे मासळीची भुकटी आणि सोयाबीन फुकट खायला घालतात असं त्याने ऐकलं होतं. घालतातही, पण सगळ्या डुकरांना नाही. कोणी काय खायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि आपल्याची चिठ्ठी निघाली कमी प्रथिनांच्या कुंपणात, बहुतेक नुसत्या कसाव्याच्या कंदांच्या पिठावर. सेमीसीला जन्मात कधी लॉटरी लागली नव्हती, ती ही अशी लागली.

परत आलं ते रोडावलेलं, आणि कुशीत नळी. खरीखुरी नळी, ताई, बाटलीसारखं झाकण लावलेली! लहान आतड्याच्या टोकाशी बसवतात, आणि खाल्लेल्या प्रथिनांतलं काय पचलं, काय उरलं ते तिथून काढून मोजतात. मी रडतच केंद्रात गेले, तर तिथल्या बाई अगदी खुशीत.

"घाबरू नका हो, त्याचं पचन उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मोजल्यावर कमी दिसतं एवढंच. आतड्यातून त्याचं स्वतःचं प्रथिनही झडत असतं ना! खाण्यात प्रथिनं भरपूर असली की ते उरल्यासुरल्यात लपून जातं. कमी असली की डोळ्यांत भरतं."

म्हणजे ज्याला कमी वाढावं त्याचं अंगचंच जास्त बाहेर दिसतं! नळी काढून द्याल का विचारलं, तर म्हणाल्या, काढली की भोक दिसेल. मांस मात्र खुशाल खा, असंही म्हणाल्या.

मग सेमीसीची अक्कल. म्हणतो, नळी खाली दाबून डुक्कर आडवं ठेवू. (उभ्या जन्मात कुणी आत्यापुढे आडवं डुक्कर ठेवलंय?) मग म्हणाला, वरून फुलांचा हार घालू. आम्ही हाराचं माप घेत होतो तेवढ्यात आत्या वावाउ बेटाहून येणाऱ्या बोटीने उतरली, ठरल्यापेक्षा आधी, आणि तडक मागच्या अंगणात आली. तिने हार बाजूला केला. झाकण फिरवून उघडलं, वाकून आत पाहिलं, परत लावलं. "हे काय गं, लोसालीने?" एवढंच म्हणाली. मी कशीबशी म्हणाले, "आत्या, विज्ञान." तेव्हापासून तिने तोंड उघडलेलं नाही. जेवते, चर्चला जाते, आणि माझ्या पोटाकडे बघत बसते. माझा जीव मुठीत आहे. ताई, मला मरायचं नाही गं.

तुझी,
लोसालीने

ता. क. — खरं काम राहिलंच. आत्याला कळव की डुक्कर तुझं होतं आणि केंद्राला तूच द्यायला सांगितलंस. तुझी चार बाळंतपणं उरकली, पाचवं नको म्हणतेस. आता तिचा राग तुला लागून लागून कुठे लागणार?

आणखी ता. क. — बाईंचं विमान चुकलं, पत्र घरीच आहे, आणि तेवढ्यात कळा सुरू झाल्या. आत्या माझी कंबर चोळत होती, ओठ मिटून. शेवटी मीच ओरडले, "आत्या, बोल गं काहीतरी! शाप दे, पण बोल!" तर ती हमसून हमसून रडायला लागली. "कशी बोलू? ते डुक्कर बघून माझं डोकं असं फिरलं होतं! रागात तोंडातून भलतंसलतं गेलं असतं आणि तुला काही झालं असतं, तर मी कुठे जाऊ गं? म्हणून तोंड शिवून बसले." ताई, ती माझ्याहून जास्त घाबरली होती.

शेवटचा ता. क. — मुलगी झाली, दोघी सुखरूप. आत्याने बाळाला पुसून माझ्या कुशीत दिलं, आणि आता कसलीच भीती उरली नाही म्हणून बाहेर जाऊन तिने तोंड उघडलं. सेमीसी नारळाच्या झाडावर चढून बसला आहे. तेव्हा हे पत्र हाती पडताच फोन करून सांग की डुक्कर तुझंच होतं. आत्याने झाडाखाली खुर्ची मागवली आहे.