नळातल्या मुंग्या

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना पेन थांबलं होतं. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून तसंच राहू दिलं. फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून दिला असतास. पत्राला तसं मध्येच गप्प करता येत नाही. फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड.

सोमवारी मी आईचं सामान बांधायला घरी गेले होते. एक तारखेपासून वृद्धाश्रमात खोली मिळाल्याचं तू कळवलं होतंस आणि काय काय आणायचं त्याची यादीही पाठवली होतीस. आई स्वयंपाकघरात होती. म्हटलं, तिचे कपडे धुऊनच बांधावेत. कढत पाण्यासाठी गिझर लावला, चपला दाराशी काढल्या, ओल्या फरशीवर उभी राहिले आणि नळाला हात लावला. पुढचं नीट आठवत नाही. खांद्यापर्यंत सणक गेली, बादली आडवी झाली आणि माझं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. भानावर आले तेव्हा हातात मुंग्या होत्या. आईचाच शब्द. दोन वर्षं ती हेच सांगत होती, 'नळाला मुंग्या येतात गं.'

दोन वर्षं, धाकट्या. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा तू सुट्टीवर आला होतास. भर दुपारी, गिझर बंद असताना, पायात रबरी चपला घालून तू बाथरूममध्ये गेलास, नळ मुठीत धरलास आणि म्हणालास, 'आई, मुंग्या नळाला नाहीत, तुझ्या डोक्यात आहेत.' आपण सगळे हसलो. तीही हसली, आपल्याला बरं वाटावं म्हणून. मग साखर तपासली, ताकदीच्या गोळ्या झाल्या, मग तो मेंदूचा डॉक्टर. त्यानं तिला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं आणि ती एकोणऐंशीवर अडली. मीही तिथंच अडले असते. त्या दिवसापासून तिला डोकं शांत ठेवायची गोळी चालू झाली. ती खाऊन ती दिवसभर खुर्चीत डोलत बसते आणि आपण म्हणतो, आता शांत असते.

तिनं अंघोळ सोडली, ओल्या टॉवेलानं अंग पुसायला लागली. तू वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलंस, 'स्वच्छतेचं भान सुटत चाललं आहे.' तिनं नळाच्या चावीला जुन्या फडक्याची जाड पट्टी गुंडाळली, तर त्याचा फोटो काढून तू डॉक्टरला पाठवलास, पुरावा म्हणून. अरे, नळाचा शॉक बसत असेल तर माणूस आणखी काय करेल? त्या घरात तीच एकटी शहाण्यासारखी वागत होती आणि आपण तिच्या शहाणपणाचे फोटो काढत होतो.

त्याच दुपारी मी वायरमनला बोलावलं. पिकल्या केसांचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बोर्ड उघडला, भिंतीतून बाहेर आलेला पाइप बघितला आणि विचारलं, 'बाहेरचा पाइप कधी बदलला?' तीन वर्षांपूर्वी, मी म्हटलं. तूच बदलून घेतला होतास, गंजलेला लोखंडी काढून प्लास्टिकचा. मग त्यानं समजावलं. जुन्या घरांत अर्थिंगची वायर बरेचदा पाण्याच्या लोखंडी पाइपलाच बांधलेली असायची. कुठल्या यंत्रातून वीज गळली तर ती वायरीतून पाइपात आणि पाइपातून जमिनीत जायची. प्लास्टिकमधून वीज जात नाही. म्हणजे जमिनीची वाट तुटली, पण वायर मात्र भिंतीतल्या उरलेल्या पाइपला तशीच बांधलेली राहिली. गिझर आतून गळत होता आणि ती सगळी वीज नळात येऊन थांबत होती, कुणीतरी अनवाणी येण्याची वाट बघत. ओली फरशी आणि नळ यांच्यामध्ये त्यानं मीटर लावला. नव्वद व्होल्ट दाखवले. 'इथं कोण राहतं?' त्यानं विचारलं. माझी आई, शहात्तर वर्षांची. 'एकट्याच?' मी हो म्हटलं. त्यानं मीटर पिशवीत ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

पाइप बदललास म्हणून मी चिडलेली नाही. ते तुला माहीत नव्हतं, प्लंबरलाही नव्हतं. माझा राग वेगळाच आहे. आईनं आयुष्यात कधी उगाच तक्रार केली नाही. अशा बाईनं एक तक्रार केली, तर तुझ्यासारख्या इंजिनीअरला दहा मिनिटं चपला काढून उभं राहवलं नाही. आणि मी? मी तर याच गावात राहते. त्या फॉर्मवर तुझ्या सहीखाली माझी सही आहे. ती आठवली की हातातला घास खाली ठेवावासा वाटतो.

काम झालं आहे. परसात खोल खड्डा खणून सळई पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, तिथून घरभर नवी अर्थिंग फिरवली. गिझर भंगारात गेला. वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विचही बसवला. काल मी अनवाणी, भिजलेल्या पायांनी तो नळ धरून उभी राहिले. काही झालं नाही.

एवढंच असतं तर तुला लिहिलंच नसतं, तुझं तोंडही बघितलं नसतं. पण आईला हे पटत नाही. मी तिला सगळं सांगितलं, तर ती माझ्या कपाळाचं टेंगूळ चाचपत घाबरून म्हणाली, 'तुलाही लागलं का गं हे? आपल्या रक्तातच असणार. तू लवकर दाखव, माझ्यासारखं लांबवू नकोस.' वायरमननं तिला मीटर दाखवला. तिनं मान डोलावली, त्याला पाणी दिलं आणि तो गेल्यावर म्हणाली, 'भला माणूस, माझं मन राखलं.' ती गोळी अजून घेते. बॅग तिनं स्वतःच भरली आहे. मी रागानं कपडे बाहेर काढले, तिनं पुन्हा घड्या घालून ठेवले. म्हणते, 'तो शिकलेला आहे, त्याला कळतं.' म्हणून एक तारखेच्या आत ये. माणूस पाठवू नकोस, फोन करू नकोस. तिच्यासमोर बस आणि सांग, की तिला काहीही झालेलं नव्हतं, तुझंच चुकलं. माझं सांगून झालं, ते तिच्या कानाशीच राहिलं. तिचा माझ्यावर विश्वास नाही याचा मला राग आहे, आणि तुझ्यावर आहे याचा त्याहून जास्त.

तरीही तुझीच,
ताई