प्रश्न क्रमांक नऊ

४ ऑक्टोबर

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू अजून अनुदानाचा अर्जच भरत बसला असशील. लोक धोक्याच्या वेळी निर्णय कसे घेतात यावर आठ वर्षं संशोधन करणारा, आणि स्वतःच्या खोलीला पडदा कुठला लावायचा ते अजून न ठरवलेला माणूस आपल्याच घरात निपजावा, याचं मला भारी कौतुक वाटतं.

आता माझं ऐक. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत चाललीत. अक्षरावरून कळलंच असेल. मी कारखान्यातली कटिंग मास्तर. कापडाच्या चाळीस थरांवर पातं एकदा फिरलं की फिरलं. गेल्या आठवड्यात ते खडूची रेघ सोडून गेलं आणि शाळेच्या चाळीस सदऱ्यांच्या बाह्या चिंध्यांत जमा झाल्या. मालकाने त्या स्वतः वाकून पोत्यात भरल्या, तेच जास्त लागलं. डॉक्टर म्हणतात, मनगटाचं ऑपरेशन करा. दहांतल्या सातांचा हात सुधारतो, दोघांचा आहे तसाच राहतो, एकाचा बिघडतो. नाही केलं तर वर्षभरात काम सुटणार. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. तू यातला तज्ज्ञ ना? मग सांग, करू की नको? एका शब्दात.

लोभ आहेच, तो तीन प्रतींत मागू नकोस.
तुझी ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडद्याचं ठरलं. लावायचा नाही.

अर्जाने जीव काढलाय. बत्तीस पानं. अकराव्या पानावर 'अपेक्षित निष्कर्ष' लिहायचे. ते आधीच ठाऊक असते तर यांच्या दारात कशाला उभा राहिलो असतो? विसाव्या पानावर 'प्रकल्पातील धोके' असा रकाना आहे. तिथे विभागप्रमुखांनी मला 'नाहीत' असं लिहायला लावलं. धोक्यावरच्या संशोधनात धोका नाही, असं लिहून खाली सही ठोकलीय मी. निधी समितीतल्या एका विद्वानाने तर विचारलं म्हणे, की लोकांना निर्णय घेणं इतकं जड जातं तर त्यांना तो आपणच का कळवू नये. मुलाखत २८ तारखेला आहे. अनुदान हुकलं तर डिसेंबरनंतर माझी खुर्ची दुसऱ्याची.

तुझ्या हाताबद्दल म्हणशील तर एका शब्दात सांगणं शास्त्रात बसत नाही. मी 'कर' म्हटलं की निर्णय तुझा उरत नाही. सोबत बारा प्रश्नांची प्रश्नावली पाठवतोय, ती भर. तुझे विचार स्पष्ट होतील आणि मलाही अर्जाला एक नमुना जोडता येईल.

लोभ असावा, नसल्यास कारणे मुद्देसूद कळवावीत.
तुझा भाऊ


१७ ऑक्टोबर

चि. विद्वानास,
आशीर्वाद. वि. वि.

प्रश्नावली मिळाली. बाराच्या बारा प्रश्न 'समजा'ने सुरू होतात. समजा, तुम्हाला बक्षीस लागलं. समजा, तुम्ही गळक्या होडीत आहात. मी जन्मात होडीत बसले नाही, तरी तुझ्यासाठी बसले आणि (ब)वर खूण केली. आमच्याकडे काजं करणारी शेजारीण आहे ना, तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, याला पगार कोण देतं?

मग प्रश्न क्रमांक नऊ आला. समजा, तुमचा कामाचा हात बधिर होत आहे. शस्त्रक्रियेने दहांपैकी सात... अरे, हा माझा हात आहे! मी तुला तो पत्रात घालून पाठवला आणि तू छापून मलाच परत केलास? असा राग आलाय की या मोडक्या अक्षरात मावत नाही.

'समजा'वर मी काट मारली आहे. 'तुमचा' खोडून 'माझा' केलंय. अ, ब, क मध्ये माझं उत्तर नव्हतं, म्हणून चौथी चौकट हाताने काढली. वाकडी आलीय. तिच्यापुढे लिहिलंय, 'भावाला विचारीन.' विचारलं होतं.

डॉक्टरांनी २८ची सकाळ राखून ठेवलीय. आत जायचं की नाही ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठरवीन. कागदावर 'जवळच्या नातेवाइकाची सही' असा रकाना आहे. शेजारीण करते म्हणाली.

लोभाचं नंतर पाहू.
ताई


२१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कर.

एवढं लिहायला तीन कागद फाडले. चुकलं तर जी हलतील ती बोटं माझ्या नावाने जन्मभर मोड.

विभागप्रमुखांनी तुझी प्रश्नावली बाद ठरवली. चौथी चौकट चालत नाही म्हणे. आठ वर्षांत मिळालेलं हे एकच खरं उत्तर आहे, असं मी म्हणालो, तर त्यांनी विचारलं, याला संदर्भ काय? प्रश्न नऊ ही चोरी होती. मी ती केली, आणि करताना मला ती हुशारी वाटली. माझं चुकलं, ताई.

२८ला मी मुलाखतीला जाणार नाही. समितीला तसं कळवलं. गैरहजेरीचं कारण द्यायला त्यांचा छापील कागद असतो. त्यात आजार, प्रवास आणि मृत्यू एवढ्याच चौकटी. मी चौथी काढली. नातेवाइकाचा रकाना मोकळा ठेव.

राग असू दे. दार तेवढं उघड.
तुझा शंकासुर


१६ नोव्हेंबर

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अनुदान कुणाला गेलं ते तुझ्या पत्रात वाचलं. त्याने सगळे निष्कर्ष आधीच लिहून दिले होते म्हणतोस, मग त्याला आता करायला उरलं काय? डिसेंबरनंतर इकडे ये. आमच्याकडे कापडावर खडूने रेघा मारायला माणूस हवाय. पण रेघ एकदाच मारायची.

टाके निघाले. काल अंगठ्याला टाचणी टोचली आणि मी ओरडले. शेजारीण धावत आली, तर मी हसतेय! दोन बोटं अजून गप्पच आहेत. मी सातांतली की दोघांतली, ते डॉक्टर सांगत नाहीत. तेही तुझ्याच पंथाचे. आणि त्या सकाळी नातेवाइकाच्या रकान्यात सही करण्याआधी तू मलाच तीनदा 'करू ना?' असं विचारलंस, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

लोभ होता तिथेच आहे. तो बाद झालेला कागद मात्र मला परत पाठव. शिलाई मशीनच्या खणात ठेवीन. समजा, पुन्हा लागला तर.

तुझी ताई