टाकीला लागलेला दमा

कुंभारवाडा, ता. जोयडा

तीर्थरूप गुरुदासअण्णास,

धाकट्या विमलचा वाकून नमस्कार. वैनीची पाठ आता कशी हाय? आम्ही इकडं खुशाल, म्हणजे माणसं खुशाल, टाकी आजारी. डोंगरात फोन लागत न्हाई, म्हणून हे पत्र गाडीच्या कंडक्टरकडं देते.

धारवाडच्या रक्षिताबाई शेवाळावर संशोधन करतात. त्यांनी आमच्या परसात दोन टाक्या मांडल्या आणि दोन्हीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ सोडलं. (न दिसणारं सोडलं की न्हाई, हे कोण बघणार? पण आठवड्यात पाणी हिरवं झालं, म्हणजे सोडलं असणार.) मग डावीकडच्या टाकीत त्यांनी लोखंडाची नॅनो भुकटी घातली, चिमटीएवढी. नॅनो म्हणजे इतकी बारीक, की एका केसाच्या जाडीत तिचे हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. तिनं शेवाळ दुप्पट वाढतं म्हणे. वाढलं. चार दिवसांत पाण्यावर गोधडीसारखा जाड थर धरला, आणि पाचव्या दिवशी भर दुपारी टाकी श्वास घ्यायला लागली.

थट्टा करत न्हाई. थर हळूच वर यायचा, थांबायचा, आणि हुस्स करून खाली बसायचा. उजवीकडची टाकी गप्प. बाई म्हणाल्या, उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, बुडबुडे थराखाली साठतात, थर उचलतात आणि फुटतात. पटलं. ऊन गेलं की टाकी गप्प व्हायची, तेव्हा तर जास्तच पटलं. पण ह्यांनी बांबूनं पाणी ढवळलं, तशी टाकी खोकली. दोनदा, मधे दम खाऊन. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन उजव्या टाकीशी बसायला लागल्या.

सासूबाईंनी ह्यांच्या हातातला बांबू काढून घेतला. "हळू. तुझा बा हाय तो," म्हणाल्या. (मामंजी दम्यानं गेले, तू खांदा द्यायला होतास.) तेव्हापासून रोज दुपारी त्या टाकीपाशी जेवायला बसतात आणि मामंजींना भाताची, रानडुकरांची खबर सांगतात. ढग आला की घास तोंडात तसाच धरून ठेवतात, ऊन पडल्याशिवाय गिळत न्हाईत. पार वाळल्यात. पाखरं टाकीवर बसत न्हाईत, कोंबड्या लांबून वळसा घालून जातात. सोमवारी बाई टाकी उपसून शेवाळ गाळून नेणार. सासूबाई म्हणतात, आधी मला उपसा. मी रोज समजावते, की हे बुडबुडे हायत, माणूस न्हाई. दहावी शिकलेली सून उगाच केली का त्यांनी?

वैनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
विमल

ता. क. सोमवारच्या आत ये. सासूबाई तुझं ऐकतात. दोन दिवस त्यांना तुझ्याकडं खानापूरला घेऊन जा, तेवढ्यात टाकी उपसून होईल.

ता. क. दुसरा. वरचं खोडत न्हाई, पण तसं करू नको. काल सासूबाईंना डुलकी लागली म्हणून त्यांच्या जागी मी बसले, आणि टाकी पुन्हा खोकली. अण्णा, तो खोकला मामंजींचा न्हाई. आपल्या आप्पांचा हाय. खोकून झालं की घसा खाकरून "हं" म्हणायचे, तसंच. सासूबाईंना मी सांगितलं न्हाई. आप्पा गेले त्या दिवशी मला इथून गाडीच मिळाली न्हाई. त्यांचा शेवटचा श्वास तू ऐकलायस, मी न्हाई. तू एकटाच ये, ऊन असताना. बसून ऐक, आणि मग तूच सांग, उपसू द्यायचं का.