वंशावळीतली सोनूबाई

उरण, ४ जानेवारी २०२५

चि. अमिषास आजाचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

फोनवर अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. डॉक्टरांसाठी तू घराण्याची माहिती मागितलीस, ती सोबत धाडली आहे. सात पिढ्यांची वंशावळ, एक नाव सुटलेलं नाही. पण स्तनाच्या कर्करोगाचा धोका रक्तावरून काढणार म्हणालीस, तेव्हापासून मला घास उतरत नाही. तू जेवतेस ना?

तुझी काळजी वाहणारा
आजा दयाराम

नवी मुंबई, ११ जानेवारी

ती. आजास सा. न. वि. वि.

जेवते. पण आजा, सात पिढ्यांत एक बाई न्हाय, मग पोरं काय मिठागरात पिकली? मला बायकाच हव्यात, आणि तुझ्या बाजूच्याही. हा धोका बापाकडूनही येतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तात शेकडो बारीक खुणा असतात. एकेकटीने फारसं बिघडत नाही. सगळ्यांची बेरीज घरातल्या दुखण्यांशी जोडली की अंदाज नेमका होतो. नीट आठव.

तुझी लाडकी
अमिषा

उरण, १९ जानेवारी

चि. अमिषास अनेक आशीर्वाद.

दिलेली मुलगी आपण वंशावळीत धरत नाही. ती सासरची. सासरचेही धरत नाहीत, हे मला काल सुचलं. माझी धाकटी बहीण सोनूबाई रेवसला दिली होती. तिच्या छातीत गाठ झाली, लाजेने बोलली नाही. एकेचाळिसाव्या वर्षी गेली. पोरींची लग्नं अडतील म्हणून आईने मला शपथ घातली. चाळीस वर्षं गप्प राहिलो. बाळा, उशीर तर केला नाही ना मी?

चुकलेला
आजा

नवी मुंबई, २ मार्च

ती. आजास सा. न. वि. वि.

उशीर झाला नाही. सोनूआजी धरून माझा धोका इतरांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे रोग आहे असं नाही, पण आता चाळिशीची वाट न पाहता दरवर्षी तपासणी करायची. पहिली झाली, सगळं स्वच्छ आहे. तिचं नाव नसतं तर मला नुसतं घरी पाठवलं असतं. तिचे आभार कुठे मानू? तुझ्याकडेच मानते.

तुझी
अमिषा

उरण, ९ मार्च

चि. अमिषास खूप खूप आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं, मग पोटभर जेवलो. वंशावळ नव्याने लिहिली आहे, डॉक्टरबाईंना दे, त्यांना माझा नमस्कार सांग. तुझं नाव बापाच्या खाली आहे. माझ्या शेजारी सोनूबाईला जागा पुरेना, म्हणून मी माझं नाव बारीक लिहिलं.

लोभ आहेच, तो तिच्यावरही असू दे.
आजा