परबसाहेबांची बादली

॥ श्री लईराई प्रसन्न ॥

सोमालिया,
१ मे १९९४

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या रघूचा नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे. आईला सांग, शांतिसेनेत आमचं काम फक्त टँकरने गावोगाव पाणी वाटायचं. तुझा खनिजाचा ट्रक याहून धोक्याचा! तिचा गुडघा कसा आहे?

शिरगावच्या लईराईच्या जत्रेचं व्रत मी इथेही पाळतोय. स्वतः रांधतो, आंघोळीशिवाय खात नाही. पाणी मोजकंच मिळतं, पण आपल्या पेडण्याचे हवालदार परबसाहेब स्वतःच्या वाट्याची बादली मला आणून द्यायचे. शौर्यपदक मिळवलेला माणूस, आणि माझी बादली उचलायचा!

यापुढचं आईला वाचून दाखवू नको. गेल्या सोमवारी टँकरवर माझी पाळी होती. माझी आंघोळ व्हायची होती. साहेब म्हणाले, "देवीच्या व्रतस्थ धोंडाने उपाशी जाऊ नये. आज मी जातो."

पाणी वाटताना गोळीबार झाला. रांगेतल्या बायकामुलांना त्यांनी टँकरच्या आडोशाला घेतलं आणि स्वतः पुढे एकटे उभे राहिले. ती सगळी वाचली. साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी त्या बायका पाण्याचे डबे घेऊन आल्या. इथे थेंब सांडला तरी पोरं मार खातात. पण साहेब पडले त्या जागेवर त्यांनी भरलेले डबे ओतले.

तुझंही व्रत चालू असेल. यंदा होमकुंडातून जाताना माझी धोंडाची वेताची काठी बरोबर घे. निखाऱ्यांवर पाय ठेवशील तेव्हा माझ्यासाठी काही मागू नको. साहेबांचं नाव घे.

तुझा,
रघू